हिमालयात सायकलवर माणसं न्यायची आहेत? तयारी बेळगावात करा

रविवारी पहाटे किणये-जांबोटी रस्त्याला लागणाऱ्या सायकली आता बेळगावात नवलाच्या राहिल्या नाहीत. त्यातले काही जण स्पिती, लडाख करून आलेत आणि त्यांच्या मनात पुढचा विचार घोळतोय: आता दुसऱ्यांना घेऊन जावं, हेच काम धरावं. हा लेख त्यांच्यासाठी आहे.

स्वतः खिंड चढणं वेगळं आणि सात-आठ माणसांना चढवून सुखरूप खाली आणणं वेगळं. या दुसऱ्या कामात पायातल्या ताकदीपेक्षा निर्णय महत्त्वाचा: कोणाला, कुठे, किती वाजता थांबवायचं. ती सवय तिथे गेल्यावर लागत नाही. विरळ हवा सोडली तर या कामातलं जवळपास सगळं बेळगावच्या आसपास शिकता येतं, आणि ते इथेच शिकून जावं असं माझं ठाम मत आहे. तिकडे तुमचं सगळं लक्ष हवेकडे आणि माणसांकडे हवं. तुटलेली चेन कशी जोडायची हे आठवत बसायला तेव्हा सवड नसते.

घरच्या चढ-उतारांवर

सुरुवात राजहंसगडापासून करा. येळ्ळूरवरून गडावर जाणारी शेवटची चढण लांब नाही, पण नवख्या माणसाचा दम कसा तुटतो हे बघायला पुरेशी आहे. इथे पुढे पळायचं नाही. गटातल्या सगळ्यात मंद माणसाच्या मागे, दोन-तीन सायकलींचं अंतर ठेवून चढायचं आणि त्याच्याकडे बघत राहायचं. इतका वेळ गप्पा मारणारा अचानक गप्प झाला, मान खाली गेली, चढ बदलला तरी गिअर बदलायचं सुचत नाही, की समजायचं हा दमलाय. तो स्वतःहून सांगणार नाही. आपल्याकडे दमलो म्हणायला लाज वाटते. म्हणून ते ओळखायचं काम तुमचं.

त्यानंतर देवरवाडीचा वैजनाथ आणि वरचा महिपाळगड. त्यासाठी हद्द ओलांडून चंदगड तालुक्यात जावं लागतं, पण सकाळी निघून दुपारी जेवायला घरी येता येतं. तिथल्या पायवाटांवर अगदी हळू सायकल चालवायला शिका. पाय न टेकता जागेवर थांबणं, अरुंद जागेत सायकल फिरवणं, उतारावर अर्ध्यात थांबून पुन्हा सुटणं, हे सगळं. वेगात उतरणारे पुष्कळ असतात. मार्गदर्शकाला मात्र अवघड उतारावर मध्येच थांबून मागच्याला 'डावीकडून ये, पुढचा ब्रेक सोड' असं सांगता आलं पाहिजे.

पावसाळ्यात शेवाळलेल्या जांभ्यावर चाक कसं सटकतं हे इथल्या कोणाला सांगायला नको. तो सरावही करावा. पण स्पितीच्या वाटांशी जास्त मिळतीजुळती असते ती फेब्रुवारी ते मे महिन्यांतली आपली कोरडी, सुटी खडी. तिच्यावर पुढचा ब्रेक जास्त दाबला की चाक सरकतं आणि माणूस आडवा पडतो. गटाला घेऊन सराव करायचा तर हेच महिने धरा.

लांब उतारासाठी चोर्ला घाट आहे. सुट्टीच्या दिवशी जाऊ नका, गोव्याच्या गाड्यांची रांग असते. आडवारी, उजाडताना उतरा. शिकायची गोष्ट एकच: ब्रेक सतत घासत ठेवायचा नाही. वळणाच्या आधी दोन्ही ब्रेक ठामपणे दाबून वेग उतरवायचा, मग सोडून द्यायचा, म्हणजे डिस्कला थंड व्हायला वेळ मिळतो. सतत घासला की पॅड तापून गुळगुळीत होतात आणि ऐन वेळी पकड देत नाहीत. चोर्ल्यात हे झालं तर माणूस थांबून निभावून नेतो. कुंझुम किंवा बारालाचा या हिमालयातल्या खिंडींवरून उतरताना, बोटं गारठलेली असताना, ते तितकं सोपं नसतं.

खानापूरच्या जंगलाबद्दल एक सूचना. भीमगड हे अभयारण्य आहे. तिथे वनखात्याच्या परवानगीशिवाय सायकल घालायची नाही, मोबाइलच्या नकाशावर वाट दिसत असली तरी. त्या भागात गवे आणि अस्वलं आहेत, आणि सायकल आवाज न करता वळणावर पोचते, हाच तिचा धोका. परवानगीचा अर्ज कन्नडमध्ये लिहायला आणि चौकीवर कन्नडमध्ये बोलायला शिका. पुढे याच कामात बेंगळुरू-हुबळीचे पाहुणे येतील तेव्हाही ती भाषा उपयोगी पडेल.

पुढे एक, मागे एक

गट कितीही लहान असो, पुढे लीड आणि मागे स्वीप हे दोघे ठरलेले हवेत. लीडच्या पुढे कोणी जायचं नाही, स्वीपच्या मागे कोणी राहायचं नाही. प्रत्येक फाट्यावर लीडने थांबायचं आणि स्वीप दिसल्याशिवाय हलायचं नाही. हे ऐकायला सोपं आहे, पण माणसं चुकतात ती जवळपास नेहमी फाट्यावरच. मागचा येईल म्हणून पुढचा निघून जातो, आणि मागचा दुसऱ्या वाटेला लागतो.

आणखी एक सवय आत्ताच लावा. लीड थांबला आणि शेवटचा माणूस धापा टाकत पोचला की लगेच 'चला' म्हणायचं नाही. पुढच्यांची विश्रांती झालेली असते, त्याची सुरूही झालेली नसते. तो पाणी पिईल, श्वास खाली येईल, मगच निघायचं.

प्रत्येकाच्या गळ्यात शिट्टी हवी. डोंगरातला संकटाचा संकेत ठरलेला आहे: एका मिनिटात सहा शिट्ट्या, मग मिनिटभर थांबून पुन्हा सहा. उत्तर देणाऱ्याने मिनिटाला तीन. जांबोटीच्या रानात एकदा हा सराव घ्या. आवाज कोणत्या बाजूने आला हे झाडीत ओळखणं किती अवघड असतं ते सगळ्यांना कळेल.

हात काळे करा

एखाद्या सायकल दुकानात संध्याकाळी बसून काम शिका. पंक्चर, ट्यूबलेस टायरमध्ये प्लग भरणं, तुटलेली चेन क्विक लिंकने जोडणं, वाकलेला डिरेलर हँगर (मागचा गिअर ज्यावर बसतो तो धातूचा तुकडा) बदलणं, डिस्क ब्रेकचे पॅड बदलणं, वाकलेलं चाक निदान फिरेल इतकं सरळ करणं. एवढं अंधारात, हेडटॉर्चवर, हातमोजे घालून जमलं पाहिजे. हँगर प्रत्येक मॉडेलचा वेगळा असतो. म्हणून सहलीआधी प्रत्येक सायकलचा मेक आणि मॉडेल विचारून एकेक सुटा हँगर बरोबर घ्या. स्पितीतल्या काझाला तो मिळेल या भरवशावर राहू नका. ब्रेकच्या तेलाचंही तसंच. शिमानोच्या ब्रेकना मिनरल ऑइल लागतं, इतर काही कंपन्यांच्या ब्रेकना डॉट फ्लुइड. एकाचं दुसऱ्यात घातलं की आतली रबरं फुगून ब्रेक जातो.

टायरमधली हवा हा उंचीवरचा खास विषय. बाहेरचा दाब कमी झाला की बंद टायर जास्त टणक लागतो. बेळगावच्या उंचीवर भरलेली हवा पाच हजार मीटरवर, तापमान तेच राहिलं तर, पाच-सहा पीएसआयने जास्त दाखवेल. थंडीमुळे त्यातला काही भाग कमी होतो, पण दुपारच्या उन्हात पुन्हा वाढतो. टणक टायर सुट्या खडीवर उड्या मारतो. म्हणून रोज सकाळी गेज लावून दाब बघायचा, अंगठ्याने दाबून नाही.

उंची

बेळगाव सुमारे साडेसातशे मीटरवर आहे. या कामात त्या उंचीचा उपयोग शून्य. लेह साडेतीन हजार मीटरवर, तिथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या सुमारे ६५ टक्के. टागलांग ला ही खिंड ५,३०० मीटरच्या आसपास, तिथे जवळपास निम्मा. हवेत ऑक्सिजनचं प्रमाण तेवढंच असतं, पण दाब कमी म्हणून प्रत्येक श्वासात हाती कमी येतो.

तंदुरुस्तीचा आणि उंची सोसण्याचा फारसा संबंध नाही. रोज शंभर किलोमीटर मारणारा पंचविशीतला पोरगा आजारी पडू शकतो आणि त्याच गटातल्या पन्नाशीच्या बाईंना काही होत नाही. उलट तगड्या पोराला धोका जास्त, कारण तो पटकन वर पोचतो आणि डोकं दुखतंय हे लपवतो.

नियम असा: तीन हजार मीटरच्या वर गेल्यावर रात्री झोपायची जागा आदल्या रात्रीपेक्षा पाचशे मीटरहून जास्त उंच नको, आणि दर तीन-चार दिवसांनी एक दिवस चढ न वाढवता मुक्काम. दिवसा वर जाऊन रात्री खाली झोपलेलं चालतं, चांगलंच आहे. लेहला विमानाने उतरलात तर पहिले दोन दिवस सायकल खोक्यातून बाहेर काढू नका.

डोकेदुखी आणि तिच्या जोडीला मळमळ, चक्कर, गळून जाणं किंवा भूक मरणं, हा उंचीचा साधा आजार. माणूस आदल्या रात्री काय जेवला, ऊन किती लागलं, अशी कारणं शोधायची नाहीत. उंचीवर बिघडलेली तब्येत ही उंचीमुळेच बिघडली असं धरून चालायचं, दुसरं कारण पक्कं कळेपर्यंत. लक्षणं असताना आणखी वर जायचं नाही. विश्रांतीने बरं वाटलं तर पुढे. वाढत गेलं तर खाली, आणि रात्र असली तरी खाली.

दोन गोष्टी जीवघेण्या आहेत. एक, मेंदूला सूज येणं. माणूस बरळतो, विचित्र वागतो, त्याचा तोल जातो. संशय आला की त्याला टाचेला बोटं लावत सरळ रेषेत दहा पावलं चालायला सांगा. डगमगला तर वाट बघू नका. दुसरी, फुप्फुसात पाणी होणं. बसल्या जागी धाप लागते, खोकला येतो, ओठ निळसर होतात, छातीत घुरघुर ऐकू येते. दोन्हींवर पहिला उपाय तोच: ताबडतोब खाली नेणं, ऑक्सिजन असेल तर तो लावून. निदान हजार मीटर खाली जायचं या हिशेबाने निघा. त्याला एकटं पाठवू नका आणि सायकल चालवू देऊ नका. औषधं आहेत, अ‍ॅसिटाझोलामाइड, डेक्सामेथासोन, निफेडिपिन. पण ती कोणाला, किती, केव्हा हे सहलीच्या आधी डॉक्टरांकडून लिहून घ्यायचं. सल्फा औषधांची अ‍ॅलर्जी असलेल्याने अ‍ॅसिटाझोलामाइडबद्दल डॉक्टरांना आवर्जून विचारावं. बोटाला लावायचा ऑक्सिमीटर जवळ असू द्या, पण त्याच्या आकड्यावर भरवसा टाकून समोरच्या माणसाकडे दुर्लक्ष करू नका. गारठलेल्या बोटावर तो काहीही दाखवतो.

प्रथमोपचाराचं रीतसर प्रशिक्षण घेतल्याशिवाय कोणालाही नेऊ नका. रानातल्या प्रथमोपचाराचे स्वतंत्र अभ्यासक्रम भारतात होतात, दवाखाना तासाभरापेक्षा लांब आहे असं धरून ते शिकवतात. उत्तरकाशीची नेहरू गिर्यारोहण संस्था आणि मनालीची अटलबिहारी वाजपेयी संस्था इथला पायाभूत गिर्यारोहण अभ्यासक्रम सायकलचा नाही, पण जवळपास महिनाभर डोंगरात राहून हवामान, दोर आणि शिस्त जी कळते ती दुसरीकडे कळत नाही.

वाट निवडताना

पहिल्या सहलीसाठी मी मनाली-लेह सुचवणार नाही, नाव कितीही मोठं असलं तरी. कारण सरचू. सरचूचा मुक्काम ४,२९० मीटरच्या आसपास. तिथे रात्री एखाद्याची तब्येत बिघडली, तर मनालीकडे यायला आधी बारालाचा ला चढावा लागतो, साधारण ४,८९० मीटर. लेहच्या बाजूला गेलं तर नकी ला, मग लाचुंग ला, पाच हजारांच्या वर. म्हणजे खाली जाण्यासाठी आधी वर जायचं. ज्या मुक्कामावरून सरळ उतरता येत नाही, तिथे नवख्या मार्गदर्शकाने माणसं झोपवू नयेत.

त्यापेक्षा स्पिती, आणि तीही किन्नौरच्या बाजूने. शिमला, मग कल्पा सुमारे २,९६० मीटर, पुढे नाको साडेतीन हजारांच्या वर, ताबो पुन्हा खाली ३,२८० च्या आसपास, आणि काझा साडेतीन हजारांच्या वर. शरीराला हळूहळू सवय होते. कल्प्याहून नाकोला एका दिवसात जाणं मात्र वरच्या नियमात बसत नाही, म्हणून मध्ये एक मुक्काम घाला. काझाला एक पूर्ण दिवस थांबून मग लांगझा, हिक्किम, कोमिकच्या वाटा. त्या ४,४०० मीटरच्या वर आहेत, पण दिवसा जाऊन रात्री काझाला परतता येतं. कोणी आजारी पडलं तर रस्ता सरळ खाली जातो.

नकाशावर आखलेल्या प्रत्येक दिवसासाठी तीन गोष्टी लिहून काढा: परत फिरायची शेवटची वेळ, गाडी जिथवर येऊ शकते ती जागा, आणि सगळ्यात जवळचा दवाखाना. ही वही नसेल तर निघायचं नाही.

'नाही' म्हणायचं आधीच ठरवा

आपल्याकडच्या पोरांना सगळ्यात जड जाणारी पायरी ही. तुम्ही पंचवीस वर्षांचे, पाहुणे पंचावन्न वर्षांचे. कोणी डॉक्टर, कोणी कारखानदार, कोणी तुमच्या वडिलांचे मित्र. लहानपणापासून ज्यांच्यासमोर मोठ्याने बोललो नाही, त्यांना चार हजार मीटरवर 'परत फिरा' म्हणायचं. तिथे जीभ अडखळते, आणि ती अडखळली की माणूस धोक्यात येतो.

म्हणून हे बोलणं बेळगावातच उरकायचं. निघण्याच्या पंधरा दिवस आधी सगळ्यांना बोलवा, चहा द्या, आणि स्पष्ट सांगा: वर गेल्यावर तब्येतीबाबत आणि वेळेबाबत शेवटचा शब्द माझा. ज्यांना मान्य नाही त्यांचे पैसे आत्ता परत. सगळ्यांच्या सह्या घ्या. मग तिथे गेल्यावर 'काका, आज गाडीत बसा की, उद्या सकाळी बघू' एवढंच म्हणावं लागतं. आवाज चढवावा लागत नाही आणि त्यांचाही मान राहतो. चारचौघांत सांगू नका. बाजूला घेऊन, पाणी देत सांगा. पैसे भरलेत म्हणून कोणी हट्ट धरला तर पैशाचा विषय काढूच नका. सही केलेला कागद काढा.

त्याच बैठकीत प्रत्येकाला एकट्याने गाठून तब्येत विचारा: रक्तदाब, साखर, दमा, हृदयाचं काही, चालू गोळ्या. लेखी अर्जात माणसं 'काही नाही' लिहितात. समोरासमोर, आपल्या बोलीत विचारलं की सांगतात.

वाटेवरचा दिवस

लवकर निघा. बर्फ वितळून येणारे नाले सकाळी गुडघ्याखाली असतात आणि दुपारनंतर फुगतात. लाहौलमध्ये एका नाल्याचं नावच पागल नाला आहे. नाला ओलांडताना सायकल प्रवाहाच्या वरच्या बाजूला धरू नका. पाण्याच्या जोराने ती पायांवर येते.

खेचरांचा तांडा समोर आला की सायकलवरून उतरा आणि डोंगराच्या बाजूला उभे राहा. दरीच्या बाजूला कधीच नाही, खेचराच्या पाठीवरचं ओझं धक्का देऊन जातं. गद्दी मेंढपाळांची कुत्री राखणीची असतात. लांबून हाक मारा आणि मेंढपाळ उत्तर देईपर्यंत थांबा. मणी भिंत, म्हणजे मंत्र कोरलेल्या दगडांची बौद्ध भिंत, आली तर ती उजव्या हाताला ठेवून जा, आणि गटालाही आधी सांगून ठेवा.

उंचीवर भूक मरते, तेव्हा ओळखीची चव उपयोगाला येते. भडंग, गूळ-शेंगदाणे, चिक्की, थोडा कुंदा. दिखाऊ एनर्जी बारपेक्षा हे जास्त खाल्लं जातं.

कागद, फोन, प्रवास

सायकली खोक्यात बांधून बेळगावहून गोवा एक्स्प्रेसने थेट निजामुद्दीनला नेता येतात. पार्सलची चौकशी आठवडाभर आधी स्टेशनवर करा. लडाखमध्ये इतर राज्यांची प्रीपेड सिमकार्डं चालत नाहीत, पोस्टपेड लागतं. उपग्रह फोन किंवा उपग्रहावरून संदेश पाठवणारी यंत्रं सरकारी परवानगीशिवाय भारतात बाळगणं बेकायदा आहे, परदेशी पाहुण्यांना हे आधीच कळवा. केंद्रीय पर्यटन मंत्रालयाने साहसी पर्यटनाची २०१८ ची मार्गदर्शक तत्त्वं काढली आहेत, त्यात सायकल सहलींचाही समावेश आहे. ती वाचा, आणि जिथे जाणार तिथल्या पर्यटन खात्याकडे नोंदणी आणि परवान्याची चौकशी करा. विमा घेताना उंचीची मर्यादा किती ते बारकाईने बघा. हेलिकॉप्टरने सुटका त्यात धरलेली आहे का हेही विचारा.

स्थानिक साथीदार घ्याच. काझाचा पोरगा तुमच्यापेक्षा ढग चांगले ओळखतो आणि वाटेवरच्या प्रत्येक घरात त्याला चहा मिळतो. त्याला मदतनीस म्हणून नाही, बरोबरीचा मार्गदर्शक म्हणून पैसे द्या.

आणि पहिला हंगाम

स्वतःच्या नावावर सहल काढण्याआधी एक पूर्ण हंगाम दुसऱ्याच्या सहलींत स्वीप म्हणून जा. हंगाम जून ते सप्टेंबर, आणि सहली चालवणारे लोक माणसं त्याच्या कितीतरी आधी ठरवतात. म्हणून त्यांना जानेवारी-फेब्रुवारीत लिहा. पत्रात तुम्ही किती वेगाने उतरता हे लिहू नका. प्रथमोपचाराचं प्रमाणपत्र, दुरुस्तीची कोणकोणती कामं येतात, कोणत्या भाषा बोलता आणि चोर्ला, महिपाळगडावर किती माणसांचे गट किती वेळा नेलेत, हे लिहा. त्या गटांतल्या दोन माणसांचे फोन नंबर, त्यांना विचारून, खाली द्या.